दहापैकी चार

अहमदीत आमच्या गल्लीला नाव नव्हतं, आकडा होता.
कंपनीच्या साहेबांनी घरच्या आठवणीनं
एक इंग्लिश खेडं वाळूत मांडलं,
मग साहेब गेले, खेडं राहिलं:
बैठी घरं, उतरती छपरं,
वर्षातून चारदा वाहणाऱ्या पन्हळी,
आणि प्रत्येक दाराशी कण्हेरीचं कुंपण
माझ्या कानाच्या उंचीला कापलेलं.
मी वाढत होते, तेही वाढवत होतं का कुणी, ठाऊक नाही.
दर वर्षी ते कानालाच लागायचं.

शाळा फहाहीलला. बस पावणेसहाला.
शेरजमान चालवायचा, वळणावळणाला
काहीतरी पुटपुटायचा, आणि आम्ही
डबा पोटाशी धरून झोपायचो.
वर्गात खिडकीचा एसी घरघरायचा.
बाहेर त्याचं पाणी जिथं ठिबके
तिथं उगवला होता वीतभर पुदिना.
शाळेचं रान ते एवढंच.
मधल्या सुट्टीत पाळी लावून त्याचा वास घ्यायचो.

मिस ऑगस्टीना रीडर उघडायच्या:
तळं, बदकं, टेकाडावरची शाळा,
रविवारी चर्चची घंटा.
आमच्या रविवारी गणिताची चाचणी.
परविंदरनं विचारलं, मिस,
घंटा झाली तरी ही मुलं वर्गात का जात नाहीत?

मग निबंध आला. माय व्हिलेज. तीस ओळी.
लिझी कुरुविलानं नदी लिहिली, परविंदरनं ऊस.
मी लिहिलं:
माझ्या गावात एक विस्तव आहे, तो विझत नाही.
रात्री पडदे केशरी होतात.
अंधार मी पहिल्यांदा पाहिला तो सुट्टीत,
चाळीसगाव स्टेशनच्या बाहेर, आणि रडले.
माझ्या गावात सगळे दुसरीकडचे आहेत.
माझ्या गावात म्हातारी माणसं नाहीत,
साठ झाली की त्यांना परत पाठवतात.
माझ्या गावात तळं नाही, पुदिना आहे.

वही आली. दहापैकी चार.
खाली लाल शाईत: हे गाव नव्हे. पुन्हा लिही.

बाबा इन्स्ट्रुमेंट फिटर.
बूट काढताना खोलीभर तेलाचा वास यायचा.
वही वाचली त्यांनी, उभ्यानंच, दोनदा.
रागावले नाहीत. म्हणाले, चार तरी कशाचे दिले?
मग मोजे हातात घेऊन बसले आणि सांगत सुटले:
गिरणेचं पात्र, उन्हाळ्यात नदीतल्या टरबुजाच्या वाड्या,
आठवडे बाजार, शाळेला दार नव्हतं,
मास्तरांचं वाळत घातलेलं धोतर शेळीनं खाल्लं
तेव्हा मास्तर दोन दिवस शाळेत आले नाहीत.
मी लिहीत गेले. "मी नदीवर जाते," असं लिहिलं.
"मला शेळी आवडते."
एकदाही न पाहिलेली नदी, एकदाही न ओढलेली शेळी.
मधेच बाबा थांबले. भात थंड होतोय, आई म्हणाली.
ते म्हणाले, हो.

दहापैकी नऊ.
मिसनी तो वर्गात वाचून दाखवला
आणि धोतराशी आल्यावर त्यांना हसू आवरेना.
मी बाकावर उभी होते, कान तापलेले,
बाबांचं बालपण चोरून.

बाबांचे साठ झाले, त्यांनाही परत पाठवलं.
आता नदी कोरडी, वाड्या नाहीत,
शाळेला लोखंडी दार.
घराभोवती त्यांनी कण्हेर लावली आहे,
दर शुक्रवारी कात्री घेऊन कापतात.
शुक्रवार का, विचारलं तर म्हणतात, सुट्टी ना.
शेजारी सांगून थकले, विषारी असते, गुरं मरतील.
परवा गेले होते तेव्हा सहज उभी राहिले कुंपणाला लागून.

खांद्यापर्यंत आली. बाबा म्हणाले, थांब,
अजून वाढेल.